वळिवड्याचे शेजारी

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर रुकडी सोडते, पंचगंगेचा पूल ओलांडते आणि वळिवड्याला थांबते. बहुतेक प्रवासी तोवर सामान आवरायला लागलेले असतात, कारण पुढे गूळ मार्केट आणि मग कोल्हापूरच. इथे उतरणाऱ्यांत कापडाची गाठोडी घ्यायला आलेले छोटे दुकानदार असतात. त्यांना जायचं असतं शेजारच्या गांधीनगरला, सिंधी व्यापाऱ्यांच्या घाऊक कापडपेठेत. लग्नसराईत किंवा दिवाळीआधी कोल्हापूर, सांगली आणि पार सीमेपलीकडच्या गावांतूनही लोक इथे येतात.

ही पेठ ज्या जमिनीवर उभी आहे तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या, इस्पितळ होतं, नाटकं होत होती. ते गेले आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. पाच-सहा वर्षांच्या आत, एकाच छपराखाली, दोन वेगवेगळ्या फाटलेल्या देशांतली माणसं. शेजारी मात्र दोन्ही वेळा तेच: वळिवडे, उचगाव आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, दूधवाले, भाजीवाले, कोल्हापूरचे दुकानदार.

यातली पहिली गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. दुसरी कुणी फारशी सांगत नाही. परक्या देशात येणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचा चांगुलपणा म्हणजे नेमकं काय मिळतं, हे समजून घ्यायचं तर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात असं मला वाटतं.

*

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीनं हल्ला केला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सतरा तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या, हे तितकं ठाऊक नसतं. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेला आणि फेब्रुवारी १९४०पासून तिथल्या लोकांची हद्दपारी सुरू झाली. रात्री दार वाजायचं, थोड्या वेळात सामान बांधायला सांगायचे, आणि मग मालगाडीच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास. कुणी सैबेरियात, कुणी उत्तरेच्या जंगलांत लाकूडतोडीला, कुणी कझाकस्तानच्या माळावर. शिक्षक, वनरक्षक, निवृत्त सैनिक, छोटे जमीनदार आणि त्यांची बायकामुलं. जून १९४१पर्यंत अशा चार मोठ्या लाटा झाल्या.

त्याच महिन्यात हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि कालचे शत्रू एकाएकी मित्र झाले. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला. हद्दपार पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता ते मात्र कुणी सांगितलं नाही. जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि त्या सैन्याच्या मागोमाग उपाशी, टायफसनं पोखरलेली बायकामुलं दक्षिणेकडे सरकू लागली. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखावर माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतले सुमारे ४० हजार नागरिक होते. पुरुष पुढे लढाईवर गेले. राहिल्या त्या बायका, मुलं, म्हातारी माणसं.

इराणनं त्यांना सांभाळलं. इस्फहान शहरात इतकी पोलिश मुलं होती की ‘पोलिश मुलांचं शहर’ अशीच त्याची ओळख झाली. पण युद्ध चालू होतं, अन्न अपुरं होतं, आणि ब्रिटिशांनी आपल्या साम्राज्याचा नकाशा उलगडून जागा शोधायला सुरुवात केली. कुणी टांगानिकाला गेलं, कुणी युगांडाला. न्यूझीलंडनं सातशेहून जास्त मुलं घेतली, मेक्सिकोनंही काही लोक घेतले. आणि काही जहाजं कराचीला लागली. तिथल्या तात्पुरत्या छावण्यांतून काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी लोकांना पुढे कोल्हापूरकडे पाठवलं गेलं.

कराची हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला तिथे परत यायचं आहे.

*

भारतातल्या पोलिश निर्वासितांची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचं. जामनगरजवळ बालाचडीला त्यांनी १९४२मध्ये मुलांसाठी छावणी उभारली. सुमारे हजार मुलं, त्यांतली पुष्कळशी अनाथ, तिथे राहून गेली. मुलं त्यांना बापू म्हणत. वॉर्सात आज ‘भल्या महाराजां’च्या नावानं चौक आहे. त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे.

मग आपल्याकडे साहजिकच ‘कोल्हापूरच्या छत्रपतींनीही आश्रय दिला’ असं वाक्य तयार होतं. त्या वाक्यात एक अडचण आहे. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४०मध्ये वारले होते. १९४२मध्ये दत्तक घेतलेला राजा अजून पाळण्यातलं बाळ होता आणि १९४६मध्ये तोही गेला. राज्य चालवत होतं ते रीजन्सी मंडळ, महाराणी ताराबाईंच्या नावानं. वळिवड्याची छावणी म्हणजे कुणा एका राजाच्या मनाचा उमाळा नव्हता. तो भारत सरकार, लंडनमधलं पोलिश सरकार आणि कोल्हापूर संस्थान यांच्यातला व्यवहार होता. हवा चांगली, पाणी जवळ, रेल्वे दारात, म्हणून जागा निवडली गेली. खर्च पोलिश सरकारच्या खात्यावर. मुंबईतले पोलिश कॉन्सल युगेनियुश बानासिन्स्की आणि विशेषतः त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी बाकीची दगदग उपसली.

यानं कोल्हापूरचं श्रेय कमी होत नाही. फक्त ते कुणाचं, हे बदलतं. राजाचा आश्रय ही वरून खाली येणारी गोष्ट आहे. त्यात एक देणारा असतो आणि सगळे घेणारे. शेजाराचं तसं नसतं. तिथे दोघंही एकाच पातळीवर उभे असतात, आणि रोज.

*

छावणीत लांबलचक बराकी होत्या. वर कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, पुढे ओसरी. एका बराकीत अनेक कुटुंबं, प्रत्येकाला छोट्या खोल्या आणि स्वयंपाकाची सोय. पोलिश बायकांनी ओसरीपुढे फुलझाडं लावली, वेल चढवले. मुलांच्या प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, शिक्षिका तयार करायचा वर्ग होता, स्काउटांची पथकं होती. बालाचडीची छावणी १९४६मध्ये बंद झाली तेव्हा तिथली बरीच मुलंही इथे आली. थोडक्यात, पंचगंगेकाठी एक छोटं पोलिश गाव होतं.

या गावाला एक गोष्ट स्वतःची स्वतः करता येत नव्हती: पोट भरणं. कुटुंबांना भत्ता मिळायचा आणि त्यातून त्यांनी स्वतः बाजारहाट करून चूल पेटवायची. म्हणून रोज सकाळी दूध, भाजी, अंडी, फळं, लाकूडफाटा घेऊन आसपासच्या गावांतली माणसं छावणीशी येत. शिंपी येत, मोची येत. आणि इथे राहून गेलेल्यांच्या आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट म्हणजे पोलिशमध्ये आकडे बोलणारे, पोलिशमध्ये घासाघीस करणारे मराठी विक्रेते.

आता कुणी म्हणेल, यात चांगुलपणा कसला? धंदा होता. पाच हजार गिऱ्हाइकं, हातात महिन्याचा भत्ता. अगदी खरं आहे. पण सैबेरियातून आलेल्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. दोन वर्षं तिच्याशी जो कुणी बोलला तो हुकूम द्यायला किंवा नाव पुकारायला. नंतरच्या छावण्यांत ज्यांनी अन्न दिलं ते रांगेत उभं करून दिलं. आणि आता दारात एक माणूस उभा आहे. त्याला तिची भाषा येत नाही, पण चार शब्द शिकून आला आहे. तो भाव सांगतो, ती नाही म्हणते, तो टोपली उचलल्यासारखं करतो, ती परत बोलावते. या बाईला कित्येक वर्षांनी कुणीतरी नकार देण्याची मुभा दिली आहे. दान घेणाऱ्याला ही मुभा नसते. गिऱ्हाइकाला असते. निर्वासिताला पुन्हा माणसांत आणणाऱ्या गोष्टींमध्ये मी ही घासाघीस फार वर धरतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे लोक गोरे होते. ब्रिटिश राजवटीत गोरा माणूस म्हणजे साहेब, हे समीकरण गावागावांत पक्कं होतं. इथे एकाएकी अशा गोऱ्या बायका दिसू लागल्या ज्या स्वतः धुणं धूत होत्या, चुलीपुढे बसत होत्या, ज्यांची पोरं उन्हात अनवाणी पळत होती. त्यांच्याबद्दल कुतूहल वाटलं असणार, थोडी कीवही, आणि साहेब जातीतलं कुणी आपल्यासारखं जगतंय याचं एक समाधानही. सरकारी यंत्रणेनंही त्यांना युरोपियन म्हणून वागवलं. त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मरत होती आणि त्यांच्यासाठी कुणी कौलारू बराकी बांधल्या नाहीत. वळिवड्याची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती गोष्ट गोड होते, पण खरी राहत नाही.

पण गावातल्या माणसानं काही बंगाल आणि पोलंड यांतून निवड केलेली नव्हती. त्याच्या शिवाराला लागून जे लोक आणून बसवले गेले, त्यांच्याशी तो नीट वागला. मुली सायकलवरून कोल्हापूरला जायच्या, सिनेमा बघायच्या, मुलं नदीवर पोहायची, आणि छावणीतल्या त्या हजारो एकट्या बायका आणि मुलं पाच वर्षं परक्या मुलखात निर्धास्त राहिली. शेजारधर्माचा मोठा भाग असा न घडलेल्या गोष्टींचा असतो. न झालेली चोरी, न मारलेला दगड, न उच्चारलेली शिवी. याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही.

*

युद्ध संपलं, पण परत जायला घर उरलं नव्हतं. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तीन मोठ्या नेत्यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकला. वळिवड्यातल्या बहुतेकांचं गाव आता दुसऱ्या देशात होतं, आणि उरलेल्या पोलंडवर मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार होतं. काही जण तरीही परतले. ज्यांचे नवरे, भाऊ, बाप पोलिश सैन्यात होते ते इंग्लंडला गेले. काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, तिथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. मोजक्या मुलींनी भारतीय तरुणांशी लग्न केलं आणि त्या इथेच राहिल्या. काही जण कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले. १९४८च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली.

जे गेले ते विसरले नाहीत. छावणीत वाढलेल्यांनी लंडनमध्ये ‘भारतातल्या पोलिश लोकांचं मंडळ’ काढलं, आठवणी आणि कागदपत्रं जमवली, जाडजूड ग्रंथ छापला. १९९८मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक उभं राहिलं. २०१७मध्ये वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक झालं. सप्टेंबर २०१९मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं उद्घाटन झालं तेव्हा छावणीत लहानपण गेलेली काही माणसं ऐंशी-नव्वदीच्या घरात पोचलेली असूनही आली होती. पोलंडच्या सरकारतर्फे उपपरराष्ट्रमंत्री होते.

या सगळ्यात कोल्हापूरकरांना अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण इथवर येऊन थांबलं तर ‘आम्ही कोल्हापूरचे, आमच्या रक्तातच आदरातिथ्य’ या वळणावर गोष्ट जाते. तिथेच १९४८ साल आडवं येतं.

*

३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला. खुनी मराठी ब्राह्मण आहे हे कळल्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पिढ्यान्पिढ्या एका आळीत राहिलेल्या लोकांनी एकमेकांच्या दारात रॉकेल ओतलं. वळिवड्यातले उरलेसुरले पोलिश लोक निघण्याच्या तयारीत होते, ते याच दिवसांत.

म्हणजे जे लोक सैबेरियातून आलेल्या परक्यांशी पाच वर्षं नीट वागले, त्याच मुलखात ओळखीच्या शेजाऱ्याचं घर पेटलं. यावरून कोल्हापूर वाईट ठरत नाही, जसं आधीच्या पाच वर्षांवरून ते जगावेगळं चांगलं ठरत नाही. चांगुलपणा गावाच्या रक्तात नसतो. तो रोज सकाळी नव्यानं करावा लागतो, आणि एखाद्या संध्याकाळी तो केला गेला नाही की काय होतं, ते त्या फेब्रुवारीत दिसलं.

त्याच सुमाराला दुसरीकडून माणसं निघाली होती. सिंधमधले हिंदू ऑगस्ट १९४७नंतरही काही काळ तग धरून होते. पण ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, घरं लुटली गेली, आणि मग बंदरावर रांगा लागल्या. ज्या बंदरात पाच वर्षांपूर्वी पोलिश बायकामुलं उतरली होती, त्याच बंदरातून सिंधी बायकामुलं मुंबईकडे निघाली. पंजाब आणि बंगाल कापले गेले तरी त्यांचा एक तुकडा भारतात राहिला. सिंधचा असा एकही जिल्हा भारतात आला नाही. पंजाबी निर्वासिताला निदान पंजाबात जाता आलं. सिंधी माणूस ज्या भारतात आला तिथे जवळजवळ कुठेच त्याची भाषा रस्त्यावर बोलली जात नव्हती. कागदावर तो ‘आपल्या’ देशात आला होता. प्रत्यक्षात तो एका नव्याच देशात उतरला होता.

सरकारनं त्यांना जिथे रिकाम्या बराकी होत्या तिथे नेलं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, ज्यांचं १९४९मध्ये उल्हासनगर झालं. पिंपरीला. आणि वळिवड्याला. तट्ट्याच्या भिंती त्याच, कौलं तीच, ओसऱ्या त्याच. वस्तीचं नाव मात्र नवं: गांधीनगर.

*

पाहुण्याच्या तिसऱ्या दिवसाबद्दल आपल्याकडे एक म्हण आहे. तिसऱ्या दिवशीही जो राहिला त्याची अक्कल काढली जाते. पोलिश लोक पाच वर्षं राहिले, पण त्या अर्थानं त्यांचा तिसरा दिवस कधी उजाडलाच नाही. ते जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्यांना जमीन नको होती, नोकरी नको होती, मत द्यायचं नव्हतं. त्यांच्या शाळा त्यांच्यापाशी, त्यांचा देव त्यांच्यापाशी. ते फक्त विकत घेत होते. अशा पाहुण्याशी चांगलं वागणं सोपं असतं.

सिंधी माणूस राहायला आला होता. त्याला भत्त्यावर जगायचं नव्हतं, त्याला विकायचं होतं. कापडाची दोन ठाणं खांद्यावर टाकून, नफा नावापुरता ठेवून तो गावोगाव फिरला आणि स्थानिक दुकानदाराला पहिल्यांदा जाणवलं की हा शेजारी गल्ल्यात वाटेकरी आहे. त्याला मुलांना शाळेत घालायचं होतं, रेशनकार्ड हवं होतं, स्मशानाला जागा हवी होती. ‘निर्वासित’ हा शब्द पोलिश माणसाच्या मागे लागला तेव्हा त्यात करुणा होती. सिंधी माणसाच्या मागे तो दहा-वीस-तीस वर्षं लागला तेव्हा त्यात कधी चेष्टा, कधी तुच्छता मिसळली. ‘निर्वासितांचा माल’, ‘सिंधी माल’ हे शब्दप्रयोग आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. आपल्यातल्या काहींनी वापरलेही असतील. मी वापरले आहेत.

आणि तरीही गोष्ट तुच्छतेपाशी संपत नाही. मालाला नावं ठेवत लोक गांधीनगरला जातच राहिले. आधी स्वस्त मिळतं म्हणून, मग ओळखीचं दुकान आहे म्हणून, मग वडील इथूनच घ्यायचे म्हणून. उधारी झाली. उधारी ही फार कमी लेखलेली गोष्ट आहे. ज्याचं गाव नकाशावरून तुमच्यापुरतं पुसलं गेलंय, अशा माणसाचं देणं तुम्ही वहीत लिहून ठेवता, किंवा तो तुमचं लिहून ठेवतो, तेव्हा दोघंही मान्य करता की उद्या दोघंही इथेच असणार आहोत. दुकानात कामाला आसपासच्या गावांतली मुलं आली. सिंधी मालकाच्या मुलांची मराठी हळूहळू कोल्हापुरी झाली. कुणीही कुणावर मोठे उपकार केले नाहीत. कुणी कुणाला बापू म्हटलं नाही. तीन पिढ्यांत दोन्ही बाजूंची सवय झाली.

स्मारकाचं शिल्प पाहुण्याच्या आठवणीतून घडतं. जो निघून जातो त्याच्या मनात गाव जसंच्या तसं गोठून राहतं, आणि म्हणून तो साठ-सत्तर वर्षांनी फुलं घेऊन परत येतो. जो राहतो तो फुलं कुणाला वाहणार? त्याच्याशी चांगलं वागलेले शेजारी अजून शेजारीच असतात. कालच त्यांच्याशी पाण्यावरून भांडण झालेलं असतं. इथे चांगुलपणाला आठवण होण्याइतकं अंतर कधी मिळतच नाही.

वळिवड्याचा स्तंभ पाहायला जरूर जावं. पण तो पाहून झाल्यावर तसंच परत फिरू नये. थोडं चालत गांधीनगरच्या पेठेत जावं, गर्दीच्या दिवशी. एखाद्या दुकानात शिरावं. गादीवर बसलेला माणूस फोनवर सिंधीत बोलत असतो, कामगाराला मराठीत ओरडत असतो, आणि समोरची बाई भाव ऐकून पिशवी उचलल्यासारखं करत असते. तो तिला परत बोलावतो.